पैठण ते पंढरपूर पायी: पहिल्यांदा दिंडीत चालणाऱ्यांसाठी

गेवराईत माझं शिलाईचं दुकान आहे. मे महिना लागला की बायका परकराला आतून खिसा शिवून मागायला येतात. वारीला निघालेल्या बाईचं पहिलं काम हेच असतं. खिसा शिवता शिवता नवी कोणी विचारते, "मला झेपंल का गं? कोणाची ओळख न्हाई, पाळख न्हाई." मी पाच वर्षं संत एकनाथांच्या, म्हणजे नाथांच्या पालखीबरोबर पैठणहून पंढरपूरला चालते. दुकानात उभ्या उभ्या जे तुकड्यातुकड्यानं सांगते, ते एकदा नीट लिहून काढावं म्हणून हे लिहिलं. पुरुषांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे.

वारीला दोन गोष्टी लागतात, पाय आणि माणसं. पायांची तयारी घरून करून निघता येते. माणसं मात्र वाटेवरच मिळतात, आणि ती कशी मिळतात हे आधी कोणी सांगत नाही. म्हणून त्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी वाट आणि तिथी समजून घ्या

मराठवाड्यातून आषाढीसाठी बऱ्याच पालख्या जातात. शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणी, परळी, अंबाजोगाई, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर अशी वाट धरते. ती महिनाभराची आहे. मुक्ताबाईंची पालखी खानदेशातून येते आणि जालना-बीडवरून पुढं जाते. तीही लांबची. पहिल्यांदा चालणाऱ्याला मी संत एकनाथ महाराजांची पालखी सांगते, कारण ती 18-19 दिवसांची आहे आणि अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. मानाच्या पालख्यांमध्ये ती येते, पण आळंदी-देहूएवढी गर्दी इथं नसते. त्यामुळं चार दिवसांत चेहरे ओळखीचे होतात. मैत्रीसाठी याचा फार उपयोग होतो.

पालखी पैठणहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते. तारीख दरवर्षी बदलते, आणि अधिक मास आला तर महिनाभर पुढं जाते. 2025 साली आषाढी 6 जुलैला होती. 2026 साली ज्येष्ठ अधिक असल्यानं ती 25 जुलैला येते. याचा तयारीवर सरळ परिणाम होतो. लवकर निघालात तर ऊन चाळिशीच्या घरात असतं, उशिरा निघालात तर चिखल. तेव्हा आधी पंचांग बघा, मग सामान ठरवा.

पहिला मुक्काम पैठणला लागूनच चनकवाडीला असतो. पुढं हादगाव, लाडजळगाव करत पालखी रायमोह्याकडून बालाघाटाच्या डोंगरात चढते. मग पाटोदा, दिघोळ, खर्डा, परांडा, आणि सीना ओलांडली की सोलापूर जिल्हा: कुर्डू, अरण, करकंब, पंढरपूर. खर्ड्याला पोचलात की तिथला किल्ला बघून घ्या. 1795 साली मराठे आणि निजाम यांची लढाई याच मुलखात झाली. अरण हे सावता माळींचं गाव. तिथं रात्री पाय कितीही दुखत असले तरी समाधीचं दर्शन चुकवू नका.

दिंडी आधी ठरवा, चपला नंतर घ्या

एकट्यानं पालखीच्या रथामागं चालायला कोणी अडवत नाही. पण जेवण, तंबू, सामानाची गाडी हे सगळं दिंडीचं असतं. दिंडी म्हणजे तुमचं वाटेवरचं घर. म्हणून दिंडी निवडायला दोन-तीन महिने आधी लागा. सगळ्यात चांगली वेळ नाथषष्ठीची. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला दिंड्या येतात, तेव्हा दिंडीचालकांना समोरासमोर भेटता येतं. ते जमलं नाही तर गावातल्या जुन्या वारकऱ्याला विचारा. प्रत्येक गावात कोणी तरी आजोबा असतातच, ज्यांची वारी कधी चुकलेली नाही.

भेटल्यावर संकोच न करता विचारायचं: भिशी किती आहे आणि त्यात काय काय येतं? (दिंडीला जेवणखाण-मुक्कामासाठी जी वर्गणी देतात तिला भिशी म्हणतात. ती दिंडीदिंडीत वेगळी असते.) बायकांचा तंबू वेगळा आहे का? सामानाची गाडी मुक्कामाला आधी पोचते का? पाण्याचा टँकर आहे का? मधूनच घरी जावं लागलं तर काय? चांगला चालक या प्रश्नांनी चिडत नाही. मी पहिल्या वर्षी काहीच विचारलं नव्हतं, आणि सामानाची गाडी सलग दोन रात्री उशिरा आली. ओल्या पातळानं बसून काढलेल्या त्या रात्री आठवतात, म्हणून सांगते.

दिंडीचा क्रमांक आणि ती रथाच्या पुढं चालते की मागं, हे पाठ करून ठेवा. हरवलात तर पोलिसाला, गावकऱ्याला, कोणालाही एवढं सांगितलं की तुम्हाला आणून पोचवतात. वर्षानुवर्षं तो क्रम बदलत नाही.

सहा आठवडे आधी चालायला लागा

पहिल्या आठवड्यात रोज तीन-चार किलोमीटर चाला. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत शेवटी पंधरावर आणा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सलग दोन दिवस पंधरा-पंधरा चालून बघणं. पहिल्या दिवशी सगळेच चालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी टाच जमिनीला लावताना जे कळतं, ते कळून घ्यायचं आहे. पहाटे चाला, कारण दिंडी पहाटेच निघते. डांबरी आणि कच्ची, दोन्ही वाटा पायाखाली घाला.

बूट-चपला किमान महिनाभर वापरलेल्या असाव्यात, आणि अर्धा नंबर मोठ्या. दुपारी पाय सुजतो. मी पहिल्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी कोरे बूट घेतले होते. लाडजळगावला पोचेपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले होते. सोबत पायात अडकणारी साधी रबरी चप्पलही हवी. पाऊस पडला की बूट काढून ती घालायची.

शुगर, बीपी, दमा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. गोळ्या पंचवीस दिवसांच्या घ्या, चिठ्ठीसकट. शुगरच्या माणसानं अनवाणी चालू नये. पायाला काटा लागलेला त्याला कळत नाही. श्रद्धा आहे म्हणून कोणी अनवाणी चालत असेल तर त्यांना हात जोडते, पण तुमचं पहिलं वर्ष आहे, चप्पल घाला.

पिशवी

सामान दोन भागांत करा. मोठी पिशवी गाडीत जाते, छोटी खांद्यावर राहते.

मोठ्या पिशवीत तीन जोड कपडे, एक वाकळ किंवा पातळ सतरंजी, खाली अंथरायला ताडपत्रीचा तुकडा (हा विसरू नका, जमिनीची ओल रात्री हाडात शिरते), ताट-वाटी-तांब्या, टॉर्च, कपडे वाळवायला दोरी. सगळं आतून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. पिशवीवर नाव, गाव, दिंडी क्रमांक पक्क्या शाईनं लिहा आणि कडीला एक ठळक रंगाची चिंधी बांधा. गाडीतून शे-दीडशे सारख्याच पिशव्या अंधारात खाली पडतात. त्यात आपली ओळखायला चिंधीच कामी येते. मी पिवळी जरीची बांधते, दुकानात तुकडे पडलेलेच असतात.

खांद्यावरच्या पिशवीत पाण्याची बाटली, टोपी किंवा पंचा, प्लास्टिकचा कागद पावसासाठी, ओआरएसच्या पुड्या, खोबरेल तेलाची लहान बाटली, कापूस-पट्टी, आधार कार्ड, थोडे सुटे पैसे आणि खायला काही. आमच्याकडं धपाटे करतात. ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, तीळ, लसूण, तिखट घालून थापलेले धपाटे कापडात गुंडाळले की दोन दिवस टिकतात. शेंगदाण्याची कोरडी चटणी तर वारीभर पुरते. मोठी रक्कम परकराच्या आतल्या खिशात. पुरुषांनी बंडीला तसाच खिसा शिवून घ्यावा.

छत्रीपेक्षा प्लास्टिकचा कागद बरा. जूनमध्ये आपल्याकडं विजा फार पडतात. ढग गडगडायला लागले की झाडाखाली थांबू नका, मोकळ्या रानात उभे राहू नका, जवळच्या पक्क्या घरात किंवा गाडीत जा. दामिनी नावाचं मोबाइल ॲप जवळ वीज पडण्याची शक्यता असेल तर सांगतं. दिंडीत एकाच्या तरी फोनवर ते असू द्या.

दिवस कसा जातो

साडेतीनच्या सुमाराला जाग येते. येतेच, कारण शेजारच्या बाया उठलेल्या असतात. अंघोळ, काकडा, चहा, आणि उजाडायच्या आधी वाटेला लागायचं. मधे न्याहारी, दुपारी विसावा आणि जेवण, ऊन कललं की पुन्हा चाल. संध्याकाळी मुक्काम, समाजआरती, हरिपाठ, कीर्तन. नाथांची वारी म्हटल्यावर भारूड येणारच. वाटेत एखादा भारुडाचा सूर लागला की थकलेली रांगसुद्धा हलायला लागते.

दिंडीत चालायची जागा ठरलेली असते. पुढं पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मधे मृदंग, त्यामागं विणेकरी, आणि विण्याच्या मागं तुळस-हंडा घेतलेल्या बाया आणि इतर. विणेकऱ्याच्या पुढं घुसू नये. वीणा आडवी ओलांडू नये. भजन चालू असताना गप्पा मारायच्या असतील तर रांगेतून थोडं मागं यावं. जयघोष "भानुदास-एकनाथ" असा होतो, तो पहिल्याच दिवशी तोंडात बसतो. भानुदास महाराज हे नाथांचे पणजोबा. अभंग पाठ नसले तरी चालतं. पहिली ओळ पुढचे म्हणतात, दुसरी तुम्ही उचला. हरिपाठ मात्र घरून निघायच्या आधी थोडा तोंडात बसवा.

पाचव्या दिवसाच्या आसपास ज्येष्ठ वद्य एकादशी येते. बहुतेक जण उपवास धरतात. नुसत्या साबुदाण्यावर पंधरा-वीस किलोमीटर जड जातात, म्हणून त्या दिवशी भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू, केळी असं काही तरी पोटात असू द्या आणि पाणी वाढवा.

रिंगण बघायला मिळेल. पहिलं मिडसांगवीला, पुढं पारगाव घुमरे इथं. पताकावाले, तुळसवाल्या, हंडेवाल्या गोल धावतात. मला धावायची लाज वाटत होती. एका सत्तरीच्या बाईनं हंडा डोक्यावर घेऊन पळायला सुरुवात केली आणि मागं वळून नुसतं बघितलं. मग मीही पळाले. तुम्हीही पळा.

पाय आणि पाणी

चालायच्या आधी पहाटे बोटांच्या मधे आणि टाचेला खोबरेल तेल चोळा, मग सुती मोजा घाला. कुठं चुरचुरायला लागलं की तिथंच थांबा, पट्टी लावा. "पुढच्या विसाव्याला बघू" म्हटलं की फोड येतो. आलाच तर त्याची कातडी सोलू नका. तीच खालच्या मांसाचं रक्षण करते. जुने लोक सुई-दोरा ओवून पाणी काढतात आणि दोरा आत ठेवतात. त्यांचा हात बसलेला असतो हे खरं, पण दोऱ्यावाटे घाण आत जाते. दिंड्यांबरोबर आरोग्य पथकं आणि दवाखान्याच्या गाड्या असतात, तिथं दाखवा. अडचण मोठी असली तर 108.

काळ्या मातीबद्दल वेगळं सांगायला हवं. एक जोराची सर आली की बालाघाटाच्या अलीकडची रानातली वाट लोण्यासारखी होते. चार पावलांत चपलेखाली चिखलाचा थर चढतो, मग थरावर थर. शंभर पावलांनी प्रत्येक पायाला किलो-किलोचा गोळा लटकतो आणि चप्पल तळव्यातून निसटते. हातात बांबूची काठी ठेवा. दर थोड्या वेळानं काठीच्या टोकानं गोळा खरवडून काढायचा. शेजारच्याचाही काढायचा. आपला तोल जातो, दुसऱ्याचा हात धरावा लागतो. नाव माहीत नसलेल्या माणसाचा हात पहिल्यांदा धरला जातो तो बहुतेक इथंच.

पाणी टँकरचंच प्या, किंवा बाटलीत क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबून. जुलाब लागले तर लगेच ओआरएस. पुडी संपली असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा छोटे सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका. आणि बाटली भरलेली असताना कोणी मागितली तर नाही म्हणू नका. नाथांनी काशीहून रामेश्वराला नेत असलेली गंगेची कावड वाळूत तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच नाथांच्या पादुकांमागं चालताना ती गोष्ट दिवसातून दहादा आठवते, कारण दर विसाव्याला कोणाची तरी बाटली रिकामी असते.

सोबती कसे मिळतात

नव्या माणसाला वाटतं, वारीत सगळे एकमेकांना माउली म्हणतात, पाया पडतात, म्हणजे मैत्री आपोआप होत असेल. पहिले दोन दिवस तसं होत नाही. जुने वारकरी आपापल्या गावच्या घोळक्यात असतात. त्यांची जेवायची जागा, झोपायचा कोपरा ठरलेला असतो. तुम्ही पंगतीत बसता, जेवता, ताट धुता आणि एकटेच झोपता. पहिल्या वर्षी मला दुसऱ्या रात्री रडू आलं होतं. कोणाचं काही चुकलं नव्हतं. मी पाहुण्यासारखी वागत होते आणि मला पाहुण्यासारखंच वागवलं जात होतं.

तिसऱ्या दिवशी टाचांच्या फोडांमुळं मी मुक्कामाला लवकर, गाडीतून पोचले. तिथं स्वयंपाकाची गडबड चाललेली. एक बाई चुलीसाठी तीन दगड शोधत होती. मी नुसते दगड आणून दिले. तिनं बघितलं आणि म्हणाली, "पीठ मळता येतं का माय?" मग त्या संध्याकाळी मी पस्तीस-चाळीस भाकरी थापल्या. चुलीपाशी कोणी मला माझी माहिती विचारली नाही. "पाणी जास्त झालं", "तवा तापला न्हाई अजून", "दे इकडं, तू पलटी कर" एवढंच बोलणं. पण जेवायला बसताना तिनं आपल्या शेजारी पोतं अंथरून ठेवलं होतं. त्या दिवसापासून माझी जागा ठरली.

ती शिरूर कासारकडची. वर्षातले पाच-सहा महिने नवरा-बायको ऊस तोडायला जातात. पाटोदा-शिरूरच्या भागातून दिंडीत येणाऱ्या पुष्कळ बाया तशाच. उघड्यावर संसार मांडणं त्यांना आपल्यापेक्षा दसपट चांगलं येतं. पाल (कापडी झोपडी) ठोकताना वारा कुठून येणार ते बघून तोंड फिरवायचं, पावसाचं पाणी वळवायला भोवती बोटभर चर काढायचा, ओल्या लाकडानं चूल कशी पेटवायची हे सगळं मी तिच्याकडून शिकले. रात्री तिनं माझा पाय मांडीवर घेऊन कोमट तेलानं चोळला. मी ओशाळून पाय मागं घेत होते, तर म्हणाली, "असू दे की. उद्या तू माझा चोळशील." दुसऱ्या दिवशी मी खरंच चोळला. तिच्या तळव्यांना इतक्या भेगा होत्या की तेल आत जिरत होतं.

तेव्हा नव्यांना माझं सांगणं असं. मुक्कामाला पोचल्यावर दहा मिनिटं पाठ टेका, मग उठा आणि कामात हात घाला. पुरुषांनीही. पाण्याच्या घागरी भरणं, पिशव्या उतरवणं, पंगतीला वाढणं, पत्रावळी गोळा करणं, तंबूचे खुंटे ठोकणं. काम कोणतं ते कोणाला विचारत बसू नका, जे पडलेलं दिसेल ते उचला. वाढायला उभे राहिलात तर दोन दिवसांत शंभर माणसं तोंडानं ओळखतात. कोणाला आमटी जास्त लागते, कोणाला तिखट सोसत नाही हे कळतं. येसराची आमटी वाढताना "अजून थोडी?" एवढ्या दोन शब्दांवर झालेल्या ओळखी अजून टिकल्या आहेत.

बोलायला सुरुवात कशी करायची हेही अनेक जण विचारतात. "कोणत्या गावचे?" आणि त्याच्या मागोमाग "तुमच्याकडं पाऊस कसाय?" मराठवाड्यात याहून चांगला प्रश्न नाही. दिंडीतले बहुतेक लोक शेतकरी. मृगाचा पाऊस झाला असेल तर पेरून निघालेले असतात, नसेल तर जीव मागं शेतात अडकलेला असतो. कापूस लावला की सोयाबीन, उगवण कशी आहे, मागं कोण बघतंय, यावर माणूस तासभर बोलतो. तो बोलत असताना ऐका, उत्तरं देऊ नका. शहरातून आलेल्या काही भल्या मुलांना मी बघितलं आहे, शेतकऱ्यानं अडचण सांगितली की लगेच उपाय सुचवायला लागतात. समोरचा गप्प होतो.

हाका कशा मारायच्या? सगळ्यांना माउली चालतंच. पण ओळख वाढली की वयानं मोठ्यांना आबा, तात्या, मावशी, आजी. बरोबरीच्या बाईला ताई किंवा तिच्या गावाचं नाव जोडून. मोठ्या बाया तुम्हाला "लेकरा" म्हणायला लागल्या की समजा घरात घेतलं. कोणी पाया पडलं तर आपणही वाकून पाया पडायचं. तुमच्याहून तीस वर्षांनी मोठा माणूसही तुमच्या पाया पडतो. मागं सरकू नका, तुम्हीही वाका.

जात विचारू नका, आणि कोणी विचारली तर बोलणं दुसरीकडं न्या. उन्हानं तापलेल्या गोदेच्या वाळवंटात रडणारं अस्पृश्याचं पोर नाथांनी कडेवर उचलून घरी पोचवलं, असं सांगतात. त्यांच्या वारीत पंगतीला बसताना कोण कोणाच्या शेजारी बसतो हे बघणारा माणूस मला सोसवत नाही. हे मी स्पष्टच लिहिते.

फोटो विचारल्याशिवाय काढू नका. अंघोळीच्या टँकरजवळ, झोपलेल्या बायांचे, पायाच्या जखमांचे तर नकोच. मोबाइल दिवसातून एकदा घरी फोन करायला काढला तरी पुरतो.

काही जण बोलत नाहीत. त्यांना तसंच राहू द्या. वारीला माणूस काय घेऊन निघालाय ते दिसत नसतं. आमच्या दिंडीत परांड्याकडचे एक आबा आहेत. टाळांचे दोन जोड आणायचे, एक वाजवायचे, दुसरा पंच्यात गुंडाळून खांद्यावर. मी दोन वर्षं त्यांच्या मागच्या रांगेत चालले, कधी विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी दिघोळच्या पुढं, चढ संपल्यावर, त्यांनी पंचा सोडला आणि तो जोड माझ्या हातात दिला. "तिचे हायेत. वाजव." त्यांच्या बायकोचे. दोरी तिनंच वळलेली, मधोमध निळा धागा घातलेला. मला ताल धड येत नव्हता. खर्ड्यापर्यंत ते माझ्याकडं वळून पाय आपटून ताल दाखवत होते.

बायकांसाठी थोडं वेगळं

पहाटे शौचाला एकटीनं जाऊ नका. शौचालयं असतात, पण मुक्कामापासून लांब आणि रांग मोठी. चार-पाच जणींनी मिळून टॉर्च घेऊन, उठल्या उठल्या जावं. ही टोळी पहिल्याच रात्री ठरवा. पुढं वारीभर तीच तुमची घट्ट सोबत होते. सारखं जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिण्याची चूक करू नका. बऱ्याच जणी करतात आणि मग लघवीची जळजळ घेऊन चालतात.

पाळी येणार असेल तर पॅड पुरेसे घ्या आणि वापरलेले गुंडाळायला कागद-पिशव्याही. पाळीत चालावं का, विण्याजवळ जावं का, यावर प्रत्येकीचं मत वेगळं असतं. मी चालते. साडी नेसायची तर घोट्याच्या जरा वर, नाही तर काठ चिखलात जातो. सलवार-कमीज घातल्यावर कोणी काही म्हणत नाही. रात्री चपला उशाशी उलट्या ठेवा आणि सकाळी झटकून घाला. रानात विंचू असतात.

पंढरपूर आणि परत

दशमीच्या आसपास गर्दी अशी होते की आपल्या दिंडीची माणसं दिसेनाशी होतात. म्हणून करकंबच्या मुक्कामावरच एक भेटायची जागा आणि वेळ ठरवा, आणि मंदिराजवळची नको. फोन लागतीलच असं नाही. पदस्पर्श दर्शनाची रांग तासन् तास चालते. एवढं चालून आल्यावर वयस्क माणसांना ती झेपत नाही. मुखदर्शनाची रांग वेगळी असते. तेही नाही झालं तर चंद्रभागेत पाय धुवायचे आणि कळसाला हात जोडायचे. जुने वारकरी बहुतेक हेच करतात आणि त्यांच्या तोंडावर कसलीही उणीव दिसत नाही.

परतीच्या जादा एसटी गाड्या वेगवेगळ्या तात्पुरत्या बसस्थानकांवरून सुटतात. मराठवाड्याकडच्या कुठून, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट नाही. आधार कार्ड हाताशी असू द्या. चुरमुरे-बत्तासे, बुक्का, तुळशीची माळ घरच्यांसाठी घेतली की पिशवी पुन्हा बांधायची.

नंबर लिहून घ्यायचे राहून जातात. फोन बंद पडलेला असतो, गडबड असते. मी करकंबला एक छोटी वही फिरवते. नाव, गाव, घरातल्या ज्याच्याकडं फोन आहे त्याचा नंबर. मग घरी आल्यावर मावंदं (वारीहून परतल्यावरचं जेवण) करायचं ठरतं, तेव्हा नातेवाइकांबरोबर त्या वहीतल्यांनाही बोलवायचं. मागच्या वर्षी शिरूर कासारची ती आणि तिची सासू आल्या होत्या, दोन एसट्या बदलून. येताना पिशवीत शेतातल्या चवळीच्या शेंगा आणल्या होत्या. पुरणाच्या पोळ्या लाटायला सगळ्या आधीच स्वयंपाकघरात जमलेल्या. ती आत आली, पदर खोचला आणि विचारलं, "तवा तापला का?"